दिवसा झोपणारा भाडेकरू

प्रश्न : ताळगावात आमचा दोन बेडरूमचा फर्निचरसह फ्लॅट रिकामा आहे. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा खासगी इस्पितळांत तीन-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या डॉक्टर-नर्सना द्यावा म्हणतो. तयारी काय करावी, कागद कोणते?
— एक वाचक, ताळगाव

उत्तर : सोफा-टीव्हीवर पैसे घालण्याआधी बेडरूमची खिडकी बघा. रात्रपाळी करून सकाळी नऊला आलेल्या माणसाला दुपारपर्यंत अंधार हवा असतो. पडद्याला जाड अस्तर लावा. दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना १५-२० सेंटिमीटर पुढे जाऊ द्या, नाहीतर कडेने येणारी उन्हाची पट्टी नेमकी उशीवर पडते. दारावरच्या बेलला आतून बंद करायचं बटण द्या. चवथीतल्या (गणेश चतुर्थीच्या) फटाक्यांना मात्र इलाज नाही!

पावसात वीज जाणारच. दोन पंखे, चार दिवे नि राउटर मिळून साधारण २०० वॅट होतात. इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची नवी बॅटरी त्यांना पाच-सहा तास पुरते. एसी, गिझर इन्व्हर्टरवर जोडू नका. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम स्वतःकडे ठेवा. पाणी उतरलं की प्लेटा उघड्या पडतात आणि बॅटरी लवकर बसते.

पलंग पट्ट्यांचा घ्या. सलग प्लायवूडवर गादीखाली ओल कोंडते नि बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात, विशेषतः जून ते सप्टेंबर, फ्लॅट आठवड्यातून एकदा तरी उघडा.

करार ११ महिन्यांपर्यंतचा करतात, कारण वर्षावरच्या भाडेपट्ट्याला १९०८च्या नोंदणी कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. बदली अचानक होते, म्हणून नोटीस १५ दिवसांची की महिन्याची, हे करारातच लिहा. किल्ली देण्यापूर्वी पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज द्या. ओळखपत्र नि फोटोसोबत इस्पितळाच्या नेमणूकपत्राची प्रतही मागून घ्या. सोसायटीला कळवा. मध्ये रिकामे दिवस मिळाले म्हणून पर्यटकांना दिवसावर द्यायचा मोह झालाच, तर गोव्याच्या १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे आधी नोंदणी करा.

सामानाच्या यादीत ‘भांडी, एक संच’ असं लिहू नका. ‘कुकर ५ लिटर, शिट्टी व रबरासह’ असं लिहा; भांडण नेमकं शिट्टीवरून होतं. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो येताना नि जाताना, दोघांच्या मोबाइलवर.