छोट्या विमानाचं इंजिन हवेत बिघडलं तर पायलट नेमकं काय करतो?

मुलगी बारामतीला विमान शिकायला निघालीय, विमानाला एकच इंजिन, ते वर बंद पडलं तर विमान सरळ खाली येतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही येत. मी सोलापूरचाच, खासगी विमान चालवायचा परवाना आहे, त्यामुळे आपल्याच भागाचा हिशेब मांडतो.

सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानाचा वेग ६५ ते ६८ नॉटवर (ताशी १२०-१२५ किलोमीटर) धरून ठेवला, तर बंद इंजिनानं ते हजार फूट उंची खर्चून साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर जातं. समोरून वारा असेल तर कमी. आता सोलापूरची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर. म्हणजे उंचीचा काटा ४,५०० दाखवत असला तरी खरी उंची तीन हजारच. जवळपास आठ किलोमीटरचा पल्ला आणि हातात चारेक मिनिटं.

पहिलं काम एकच, नाक खाली करून तो वेग पकडणं. भीतीनं हात उलटं करतो, विमान वर ओढायला बघतो. वेग मेला की पंखांची उचल जाते, आणि मग विमान खरंच पडतं.

दुसरं काम शेत निवडणं. इथं आपल्याकडच्या माणसाला पीकपाणी माहीत असल्याचा मोठा फायदा. ज्वारी काढून झालेलं रान सगळ्यात बरं, धसकटं असली तरी जमीन टणक असते. उभी मालदांडी किंवा ऊस वरून मऊ हिरवा दिसतो, पण त्यात चाकं अडकून विमान उलटं होऊ शकतं. द्राक्षबाग वरून फार नीटनेटकी दिसते, तिच्यात लोखंडी अँगल आणि तारा असतात. पावसाळ्यात काळ्या रानात पुढचं चाक रुततं, त्यापेक्षा मुरमाड माळ परवडला. नांगरट असेल तर सरीच्या दिशेनंच उतरायचं, आडवं नाही. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. पुणे-हैदराबाद हायवे बघून मोह होतो, पण ट्रक, दुभाजक, कमानी आणि पाट्या यांच्यातून पंख न्यायचे कुठून?

वाऱ्याची दिशा धुरावरून कळते. कुणी पाचट पेटवलेलं असतं, हंगामात कारखान्यांच्या चिमण्या चालू असतात. वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी राहतो; मागच्या वाऱ्यानं ६५ नॉटनं जमीन गाठली तर ४५ च्या दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते.

शेत नजरेत पक्कं झालं की मगच इंजिनाकडे बघायचं. बऱ्याचदा कारण इंधनाचं निघतं. जुन्या मोटारसायकलला रिझर्व्हचा कॉक असायचा, तसा इथं टाकी निवडायचा कॉक असतो. एक टाकी रिकामी आणि दुसरी भरलेली असतानाही इंजिन बंद पडतं. कॉक बदला, मिक्स्चर (हवेत इंधन किती मिसळायचं ते ठरवणारा दांडा) पूर्ण पुढे, पंप असेल तर चालू, ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन्हीवर. कार्ब्युरेटरवालं इंजिन असेल तर कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा. वीस-पंचवीस अंशांच्या दमट हवेतही कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो, हे आपल्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला पटत नाही. थ्रॉटलला (ताकद कमी-जास्त करायच्या दांड्याला) हात न लावता आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, हळूहळू उतरायला लागला की संशय घ्यायचा. हीट ओढल्यावर बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं, ते आणखी खडखडतं, आणि नवखा माणूस घाबरून हीट बंद करतो. करायची नाही. थोडा दम धरला की इंजिन सुधारतं.

वेळ उरला तर रेडिओ. ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलणं चालू आहे तिथंच ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा, नाहीतर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर, आणि रडारला ओळख सांगणाऱ्या ट्रान्सपाँडरला ७७०० हा संकटाचा कोड. रेडिओ विमान उडवत नाही, म्हणून तो शेवटी. उतरण्याआधी इंधन बंद, पट्टे आवळायचे, दाराची कडी उघडी ठेवायची, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार अडकत नाही. सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच अगदी शेवटी बंद, कारण बऱ्याच सेसनांचे फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली करायच्या पट्ट्या) विजेवर चालतात.

माझ्या मते पूर्ण बंद पडलेल्या इंजिनापेक्षा अर्धवट चालणारं जास्त धोक्याचं. बंद पडलं की मन लगेच कबूल करतं, आता उतरायचं. निम्मी ताकद देत राहिलं की माणूस आशेवर धावपट्टीकडे वळतो, वळताना वेग जातो. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनं २००० ते २०१० मधल्या एका इंजिनाच्या विमानांच्या घटना तपासल्या. उड्डाणानंतर ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटना, त्यांपैकी नऊंमध्ये माणसं गेली. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५, त्यांत एकही मृत्यू नाही.

म्हणून उड्डाण घेताच, कमी उंचीवर असं झालं तर मागे वळायचं नाही. नाकासमोर, थोडं डावी-उजवीकडे जे मोकळं दिसेल तिथंच.

हे सगळं तिच्याकडून घोटून घेतील. इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल मागे ओढतो आणि विचारतो, सांग, कुठं उतरवणार? रात्री फोनवर ती हे सांगेल तेव्हा तुम्ही दचकू नका. उलट तिला विचारा, सकाळी टाकीच्या तळातून पेट्रोल काढून बघितलंस का, निळंच होतं ना (विमानाचं पेट्रोल निळं असतं), खाली पाणी तर नव्हतं?