‘मला पटत नाही’ हे इंग्रजीत कसं लिहायचं?

रावेरहून एका तरुणाचा प्रश्न आला आहे. केळीच्या व्यापाऱ्याकडे तो पत्रव्यवहार सांभाळतो. परराज्यातल्या खरेदीदाराने गाडीचं वजन कमी दाखवलं आणि त्यापोटी पैसे कापले. आता उत्तर इंग्रजीतून द्यायचं आहे. ‘डिसॲग्री विथ’, ‘डिसॲग्री टू’, ‘डिस्प्यूट’, ‘आर्ग्युमेंट’, ‘क्वारल’ यांतलं काय वापरू, असं तो विचारतो.

शब्द किती कडक आहे ते नंतर बघू. आधी आपलं कशाशी जमत नाही ते ठरवा: माणसाशी, मताशी की मागणीशी?

माणूस किंवा त्याचं म्हणणं पटत नसेल तर ‘डिसॲग्री विथ’. ज्या मुद्द्यावरून मतभेद आहे, त्याला ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’. ‘डिसॲग्री टू’ मात्र लिहू नका. ‘ॲग्री टू’ म्हणजे संमती देणं, आणि ती नाकारायची तर ‘डू नॉट ॲग्री टू’ असंच म्हणतात. तुमच्या पत्रात हा फरक फार कामाचा आहे. वजनाचा आकडा हे त्यांचं म्हणणं. पैशांची कपात ही त्यांनी परस्पर केलेली कृती, तिला तुमची संमती नाही. म्हणून ‘वी डिसॲग्री विथ द वेट शोन’ आणि ‘वी डू नॉट ॲग्री टू द डिडक्शन’.

आपल्याला हे अवघड का जातं? मराठीत आपण ‘मला पटत नाही’ म्हणतो. वाक्याचा कर्ता ते मत असतं, ‘मी’ नव्हे. मत येतं आणि मला पटत नाही, एवढंच. इंग्रजीत ‘आय’ पुढे येऊन उभा राहतो, म्हणून तेच वाक्य अंगावर आल्यासारखं वाटतं. आपली रचना इंग्रजीत एका ठिकाणी मात्र सापडते, ती खाण्याच्या बाबतीत. ‘बनानाज डिसॲग्री विथ मी’ म्हणजे मला केळी मानवत नाहीत! केळीच्या व्यापाऱ्याने हे वाक्य जपून वापरावं, पण ते मला फार आवडतं.

‘क्वारल’ पत्रात नको. ते ओळखीपाळखीच्या माणसांतलं भांडण. त्याचं लॅटिन मूळ ‘तक्रार करणं’ असं आहे. ‘डिस्प्यूट’ मात्र हक्काचा, दाव्याचा शब्द. नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्या पाणीवाटपासाठी 1969मध्ये लवाद नेमला, त्याच्या इंग्रजी नावात ‘डिस्प्यूट्स’च आहे. ‘वी डिस्प्यूट द वेट’ लिहिलंत की ते वजन आम्हाला अमान्य आहे, अशी रीतसर नोंद होते. म्हणून ते पहिल्याच पत्रात नको, दुसऱ्यासाठी ठेवा. आपल्याकडे भांडणाला ‘कज्या’ म्हणतात, त्याचं अरबी मूळही खटल्याशी, निवाड्याशी जोडलेलं आहे. कोर्टातला दावा आणि ओट्यावरचं भांडण आपण एकाच शब्दात सांगत आलो. इंग्रजीला त्यासाठी दोन लागतात.

‘आर्ग्युमेंट’ सोबतच्या शब्दाप्रमाणे बदलतो. ‘विथ’ आला तर बाचाबाची, ‘फॉर’ किंवा ‘अगेन्स्ट’ आला तर युक्तिवाद. ‘डिफरन्स’चंही तसंच: एकवचनात वजनातला फरक, अनेकवचनी ‘अवर डिफरन्सेस’ म्हणजे आपसातले मतभेद. आणि ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लावू नका. ‘लेट अस डिस्कस द वेट’ एवढं पुरे.

शेवटी त्याने विचारलंय, गोडीत मिटवायला ‘ॲग्री टू डिसॲग्री’ लिहू का? जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने 1770मध्ये आपल्या दिवंगत सहकाऱ्याबद्दल बोलताना हा प्रयोग वापरला होता. श्रद्धेच्या गौण बाबींत ज्याचं मत त्याच्यापाशी राहू द्यावं, या अर्थाने. तिथे तो शोभतो. वजनाच्या भांडणात लिहिलात तर समोरचा इतकंच समजेल की कापलेले पैसे तुम्ही सोडून दिलेत.