काजळीला उचलू नका, घर जागच्या जागी ठेवा

प्रश्न: आमची काजळी १३ वर्षांची मांजर. तीन आठवड्यांपूर्वी, अवघ्या दोन दिवसांत तिला दिसेनासं झालं. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे बघितले, "वय झालं, आता नजर येणार नाही" म्हणाले आणि थेंब लिहून दिले. तेव्हापासून ती पलंगाखालीच असते. मी तिला उचलून जेवायला नेते, उचलून लिटर बॉक्समध्ये ठेवते, रात्री उचलून माझ्या पलंगावर घेते. तरी ती बॉक्सच्या बाहेरच शू करते. दुसरा आमचा भोवरा, १० महिन्यांचा बोका. जन्मापासून लटपटत चालतो, खायला वाकला की मान थरथरते. तो खेळायला तिच्या अंगावर जातो आणि ती किंचाळते. नवरा म्हणतो, तिला असं जगवणं म्हणजे तिचे हाल करणं आहे, आणि भोवऱ्याला तरी कुणाला तरी देऊन टाकू. मी रोज रडते. हा माझा स्वार्थ आहे का?
– दोन मांजरांची आई

उत्तर:

प्रिय ताई,

स्वार्थाचं नंतर बोलू. त्याआधी एक काम आहे आणि ते उद्याच करायचं आहे. काजळीचं ब्लड प्रेशर मोजून घ्या.

वयामुळे नजर मंदावते ती हळूहळू. दोन दिवसांत गेली तर "वय झालं" एवढ्यावर थांबता येत नाही. उतारवयातल्या मांजराची दृष्टी अशी एकाएकी जाते, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे वाढलेला रक्तदाब असतो. दाबामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली पाणी किंवा रक्त साचतं आणि पडदा आपल्या जागेवरून सुटतो. अशा मांजराच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्या आणि काळ्याभोर राहतात. वरचा आकडा सतत १६०च्या पुढे असेल तर दाब वाढलेला समजतात. १८०च्या पुढे गेला तर डोळ्यांबरोबर मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडंही धोक्यात येतात. हा दाब बहुधा एकटा येत नाही. मागे मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा जास्त काम करणारी थायरॉइड ग्रंथी असते, म्हणून त्याच वेळी रक्तातलं क्रिएटिनिन, थायरॉइडची टी-४ आणि लघवी तपासून घ्या. बॉक्सबाहेरची शूसुद्धा कदाचित इथलीच आहे. मूत्रपिंड बिघडलं की लघवी खूप होते, बॉक्स लवकर ओला होतो आणि ओल्या वाळूत पाय ठेवायला मांजर तयार नसतं.

दवाखान्यात गेल्या गेल्या पट्टा बांधू देऊ नका. घाबरलेल्या मांजराचा आकडा तसाही चढलेला असतो. तिला ५ ते १० मिनिटं शांत बसू द्या, पहिलं रीडिंग सोडून द्यायला सांगा आणि पुढच्या पाच-सहा रीडिंगची सरासरी धरा. हे डॉक्टरांना सांगताना संकोच करू नका. गेल्या काही महिन्यांत तिला एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं होतं का, हेही आठवून सांगा. जास्त मात्रेत ते मांजराच्या डोळ्याच्या पडद्याला इजा करतं.

तीन आठवड्यांनंतर नजर परत येण्याची शक्यता फार थोडी आहे. हे लिहिताना जड जातंय, पण तुम्हाला खोटी आशा देणार नाही. दाब मात्र तरीही उतरवायलाच हवा, कारण तो आजही तिच्या शरीरात आहे. औषध बहुतेक वेळा अॅम्लोडिपिन असतं. घरात कुणाची बीपीची गोळी असेल तर तिचा तुकडा अंदाजाने देऊ नका, आणि डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी मनाने बंद करू नका.

तिला थोडंफार दिसतंय का, हे घरी बघायचं असेल तर डोळ्यासमोर हात हलवून कळणार नाही. हाताने हवा हलते, ती मिशांना लागते, ती दचकते आणि आपल्याला वाटतं हिला दिसतंय. कापसाचा बोळा घ्या आणि तिच्या तोंडापासून वीतभर लांब, वरून अलगद सोडा. बोळ्याचा आवाज होत नाही, वारा लागत नाही. मान बोळ्यामागे वळली तर दिसतंय, नाही वळली तर नाही.

आता तुमच्या उचलण्याबद्दल. तुम्ही मायेने करताय हे कळतं, पण काजळीचा गोंधळ सर्वांत जास्त त्यानेच होतोय. आंधळी मांजर घराचा नकाशा पावलांनी, मिशांनी आणि वासाने बनवते. चटईपासून इतकी पावलं, मग भिंत, मग पाण्याचा वास. तुम्ही तिला उचलता तेव्हा हा धागा तुटतो. बॉक्समध्ये ठेवली तर बॉक्स कुठे आहे हे तिला कळतच नाही, कारण तिथवर ती चालत गेलेलीच नाही. पुढच्या वेळी शू लागली की तिला रस्ता कसा सापडणार?

म्हणून पहिले दोन आठवडे तिला एकच खोली द्या. तिचा बॉक्स कोपऱ्यात, दोन्हीकडून भिंतीला टेकलेला. जेवण-पाणी त्याच्या समोरच्या भिंतीशी, वासांची सरमिसळ होणार नाही इतक्या अंतरावर. बॉक्सपुढे हात-दीड हात लांबीची खरखरीत चटई टाका आणि वाटीपुढे मऊ कापडी. पायाला खरखर लागली की बॉक्स आला, मऊ लागलं की जेवण. मग तुम्ही बॉक्सशेजारी बसा आणि बोटाने वाळू खरवडा. तो आवाज ती जन्मभर ओळखते. येईल, चुकेल, भिंतीला नाक लावेल, परत फिरेल. येऊ द्या. उठून मदतीला धावू नका. वाळूची जात, बॉक्स, जागा, काहीही मध्येच बदलू नका.

कधी उचलावंच लागलं तर आधी बोला, मग हात नाकाशी धरा, वास घेऊ द्या, आणि छाती व मागचे पाय दोन्हींना आधार देऊन उचला. खाली ठेवायची जागा कायम एकच, बॉक्सपुढची चटई, तोंडही दर वेळी त्याच दिशेला. चारही पाय जमिनीला टेकल्याशिवाय हात सोडायचा नाही.

सरावाची खोली झाली की एकेक खोली वाढवा. दारं एकतर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघडं दार सर्वांत वाईट, कारण दाराची पातळ कड नेमकी समोर आली तर दोन्हीकडच्या मिशांच्या मधून जाते आणि थेट नाकाला किंवा डोळ्याला लागते. नजर गेली तरी डोळ्याला जखम होते, तिथे पू होतो, दुखतं. खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या, पिशव्या आणि चपला वाटेत नाहीत, धारदार कोपऱ्यांना फोम. जिना असेल तर तो शिकेपर्यंत आडवी फळी, आणि वरच्या पायरीआधी एक खरखरीत पायपुसणं, म्हणजे पुढे उतार आहे हे पायालाच कळेल. खिडक्या-बाल्कनीला पक्की जाळी हवीच. मिशा कुणी कापू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

भिंतीच्या कोपऱ्यांवर, मांजराच्या गालाच्या उंचीवर, तपकिरी तेलकट डाग दिसतील. ती तिथे गाल घासते, तिच्या वासाच्या खुणा आहेत त्या. घर कितीही टापटिपीचं आवडत असलं तरी हे डाग सध्या पुसू नका. फरशीला फिनाईल तर नकोच. नकाशा पुसला जातो हे एक, आणि मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. ती पंजे चाटते आणि विष पोटात जातं. खुणेसाठी सुगंधी तेलाचे थेंब टाका असा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. टी-ट्रीसारखी तेलं मांजरांना विषारी असतात.

काजळीच्या गळ्यात घुंगरू बांधू नका. आता तिची सगळी भिस्त कानांवर आहे आणि स्वतःच्याच घुंगराचा आवाज तिच्या कानाशी सतत वाजत राहील. घुंगरू भोवऱ्याला बांधा, अडकला तर आपोआप सुटेल अशा पट्ट्याला.

भोवऱ्याचं वर्णन लहान मेंदू, म्हणजे तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग, अपुरा वाढलेल्या मांजराशी जुळतं. पोटात पिल्लं असताना आईला पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या साथीच्या आजाराचा विषाणू लागला की असं होऊ शकतं. डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्या. तसंच असेल तर त्यात दुखत नाही, ते वाढत नाही आणि काजळीला त्याची लागण होत नाही. चालणं दिवसेंदिवस बिघडत असेल तर मात्र आजार वेगळा आहे, थांबू नका. खाण्यावर नेम धरताना थरथर वाढते, म्हणून त्याला जड, पसरट वाटी द्या, जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटर उंच, खाली रबरी मॅट. बॉक्स मोठा आणि तीन बाजूंनी उंच हवा, कारण तो भिंतीला अंग टेकूनच उभा राहू शकतो. चौथी बाजू ५ ते ७ सेंटिमीटरपर्यंत कापा आणि कापलेल्या कडेला टेप लावा. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, त्यामुळे त्याच्या नेहमीच्या वाटेवर सतरंजी किंवा मॅट. नखांची फक्त टोकं काढा, नखं रोवूनच तो तोल सावरतो. नसबंदी झाली नसेल तर करून घ्या, अंगावर जाण्याचं ते एक कारण असू शकतं. भूल देणाऱ्याला त्याच्या लटपटीची कल्पना आधी द्या.

भांडण का होतं तेही बघा. मांजरं एकमेकांशी बोलतात ती कानांनी, शेपटीने, नजरेने. "मी खेळतोय" हे त्याचं अंग सांगतं, पण तिला ते दिसत नाही. उलट तिचे विस्फारलेले, रोखलेले डोळे त्याला आव्हानासारखे वाटू शकतात. त्यात त्याला ब्रेक नाही. नेम धरतो एकीकडे, पडतो दुसरीकडे. म्हणून तुम्ही समोर नसाल तेव्हा दोघांच्यात बंद दार. दोघांच्या अंथरुणांची दिवसाआड अदलाबदल करा, म्हणजे एकमेकांचा वास ओळखीचा होईल. भेटवण्याआधी भोवऱ्याला १० ते १५ मिनिटं खेळवून दमवा, मग दोघांना एकाच खोलीत लांब लांब जेवण द्या, ५ मिनिटांनी वेगळं करा. असं चार ते सहा आठवडे. तोवर त्याला कुणाला द्यायचा विषय नको. दुसऱ्या घरात लटपटणाऱ्या बोक्याचा बॉक्स कोण कापून देणार?

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. त्यांच्यावर रागावू नका, हाल बघवत नाहीत म्हणूनच ते बोलताहेत. पण आंधळेपणाने स्वतःहून दुखत नाही. दुखतो तो काचबिंदू. डोळा फुगला, लाल किंवा धुरकट झाला तर लगेच दाखवा. कधी कधी डोळा काढल्यावरच मांजर पुन्हा खायला लागतं. पलंगाखाली बसणं हे दुःख नसून चढलेला दाबही असू शकतो. औषध सुरू झाल्यापासून महिनाभर वही ठेवा: रोज किती ग्रॅम खाल्लं, अंग चाटते का, बॉक्स वापरते का, हाक मारली की कान वळतो का, आणि आठवड्याला वजन. खाणं अंगाच्या उबेइतकं कोमट करून द्या, वास उठतो. २४ तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. दाब आटोक्यात येऊनही वजन उतरतच राहिलं, अंग चाटणं थांबलं, तर निरोपाचा विचार तुम्ही दोघांनी डॉक्टरांसोबत करा. तो विचार केल्याने तुम्ही वाईट ठरत नाही. पण तो त्या वहीवरून करा, काळ्याभोर बाहुल्यांकडे बघून नको. आणि ती वही भरेपर्यंत तिला जवळ ठेवणं, याला मी स्वार्थ म्हणणार नाही.

रात्री तिला पलंगावर नेऊ नका, अंधारात उडी मारेल आणि जमीन किती खाली आहे हे तिला माहीत नाही. तुमचंच अंथरूण तिच्या खोलीत, खाली घाला. आज रात्री तिला चटईवर ठेवा, वाळू खरवडा आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसा.