'फिट' लिहून आलेला माणूस रात्री कूलर का बंद करतो?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर अडीच वर्षं काश्मीरमध्ये होते, युनिट पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, येऊन चार महिने झाले. आल्या आल्या मेडिकल झालं, मनाच्या तपासणीचा फॉर्मही भरला, सगळं 'फिट'. आणि आता सुट्टीत, नागपूरच्या मे महिन्यात, रात्री दोनला उठून कूलर बंद करतात आणि घामानं भिजून पलंगावर बसून राहतात. विचारलं तर 'काही नाही, झोप तू.' तपासणीत हे कसं सुटलं, आणि पुन्हा दाखवा म्हटलं तर नोकरीवर येईल का, असं विचारलंय तुम्ही.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता रिटायर होऊन कामठी रोडला राहतो. डॉक्टर नाही. पण असे फॉर्म मी स्वतः वाटले आहेत आणि गोळाही केले आहेत.

आधी कूलर. त्याच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. ज्यानं अडीच वर्षं पाचोळ्याचा आवाज आणि कुत्र्याचं भुंकणं ऐकत पहारा दिला, त्याला आपले कानच कुणी बांधले असं वाटतं. तिथं त्याच सवयीनं जीव वाचतो. रायफलीसारखी ती कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, जमा करून येता येत नाही. बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. चार महिने झाले, झोप तुटकीच आहे आणि त्यात चिडचिड वाढली असेल, तर दाखवायला हवं.

आता फॉर्मचं. एकदा आमची तुकडी दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासानंतर उतरली. मी टेबल मांडून फॉर्म वाटले. बाजूच्याच टेबलावर सुट्टीची यादी होती. एका हवालदारानं पेन उघडलं, एकही प्रश्न न वाचता वरपासून खालपर्यंत 'नाही'च्या रकान्यात टिका मारल्या आणि मागच्याला म्हणाला, 'सब नो में मार, गाडी पाच की है.' मी ऐकलं, तरी कागद घेतला आणि गठ्ठ्यात ठेवला. ते अजून टोचतं.

हा फक्त आपल्याकडचा प्रकार नाही बरं का. अमेरिकेत इराकहून परतलेल्या 88,235 सैनिकांची आल्या आल्या एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा, अशी दोनदा तपासणी झाली, तो अभ्यास 2007 मध्ये छापून आला. दुसऱ्या वेळी त्रास सांगणारे बरेच वाढले. घरच्यांशी, जवळच्यांशी खटके उडतात म्हणणारे तर जवळपास चौपट. कारण सोपं आहे. पहिल्या दिवशी माणूस घरी जायच्या आनंदात असतो, त्रास घरी गेल्यावर दिसतो. तिकडेच सैनिकांना नाव न लिहिता तेच प्रश्न विचारले, तेव्हा 'हो' म्हणणारे दुपटी ते चौपटीनं निघाले. म्हणून पहिल्या दिवशीच्या 'फिट'वर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

नुसती चाळणी लावूनही भागत नाही. ब्रिटननं अफगाणिस्तानहून परतलेल्यांवर मोठा प्रयोग केला, त्याचे निकाल 2017 मध्ये आले: तपासणी करून ज्याच्या त्याच्या उत्तरांनुसार 'मदत घ्या' असा सल्ला दिलेल्यांत आणि नुसती सर्वसाधारण माहिती दिलेल्यांत पुढे फरक पडला नाही. सल्ला मिळाला, पण पुष्कळ जण गेलेच नाहीत. तुम्ही सोबत जाल, हा मुद्दा मला म्हणूनच मोठा वाटतो.

नोकरीचं खरं सांगतो, गोड करून नाही. फौजेत मेडिकल कॅटेगरी 'शेप'वर ठरते, म्हणजे तब्येतीच्या पाच बाजूंच्या पाच इंग्रजी अक्षरांवर; त्यातला एस म्हणजे मनाची बाजू. एस-वन म्हणजे ठीक. गरज पडली तर डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड तात्पुरती खालची कॅटेगरी देतं. तेवढा काळ हत्यार, काही ड्यूट्या बंद, प्रमोशनही अडू शकतं. पण ठरलेल्या मुदतीनं रिव्ह्यू होतो आणि माणूस परत एस-वनला येऊ शकतो. आलेले मी पाहिलेत. भांडण, गैरहजेरी, दारू यातून प्रकरण युनिटच्या प्रमुखापर्यंत, सीओ साहेबांपर्यंत गेलं तर ते जास्त महागात पडतं. बरं, कॅन्टीनची रम झोपेसाठी चालू झाली आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. तेही बघा.

सुट्टीत असलेला जवान जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला दाखवू शकतो. तुम्हाला कामठीचं एमएच आहे, ओळखपत्र आणि सुट्टीचा कागद सोबत ठेवा. मिस्टर लगेच तयार झाले नाहीत तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठी केला तरी चालतो. फौजींसाठी पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) याचा वेगळा कक्ष 2023 मध्ये सुरू झाला. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या मानसोपचार ओपीडीतही जाता येतं; मात्र बाहेरच्या गोळ्या लपवून घेऊ नका, चिठ्ठी युनिटच्या डॉक्टरांना, आरएमओ साहेबांना दाखवायची. मरणाचं बोलले, किंवा घरात लायसनची बंदूक असेल, तर वाट पाहायची नाही. त्याच दिवशी बंदूक घराबाहेर आणि माणूस दवाखान्यात.

'तुम्हाला टेन्शन आहे' असं म्हणू नका. 'झोप होत नाही, ती दाखवू' म्हणा. झोपेसाठी सिक रिपोर्ट करायला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरांकडे जायला, फौजी लाजत नाही. जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहून ठेवा: किती वाजता उठले, किती दारू घेतली, कशावरून भडकले. तिथं ते 'सब ठीक है साहब'च म्हणतील, तेव्हा वही डॉक्टरांपुढे ठेवा. पण त्यांना आधी सांगून. पाठीमागून दिली तर पुढच्या वेळी येणार नाहीत.

आणि रात्री हात लावून उठवू नका, पायाकडून नावानं हाक मारा. पलंग दार दिसेल असा फिरवा. कूलरवरून सध्या वाद नको, तुम्ही आणि लेकरं दुसऱ्या खोलीत लावून झोपा.