अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ३४ नंबरची जर्सी घालणारा सर्वोत्तम खेळाडू कोण?

माझं मत जॉर्जिया विद्यापीठाच्या हर्शेल वॉकरला. शर्यतीत तिघेच, तिघेही रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे खेळाडू) आणि तिघेही हाइसमन ट्रॉफीचे (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराचे) मानकरी: वॉकर (१९८२), ऑबर्नचा बो जॅक्सन (१९८५), टेक्ससचा रिकी विल्यम्स (१९९८).

एकूण रशिंग यार्ड (चेंडू घेऊन धावत कापलेलं अंतर) पाहिले तर विल्यम्स ६,२७९ वर, पण चार हंगामांत. वॉकरचे ५,२५९ फक्त तीन हंगामांतले. जॅक्सनचे चाहते सरासरी पुढे करतात: दर कॅरीमागे (चेंडू घेऊन केलेल्या प्रत्येक धावेमागे) ६.६ यार्ड, वॉकरचे ५.३. गल्लत इथेच होते. जॅक्सनने ६५० कॅरी केल्या, वॉकरने ९९४. चेंडू कुणाकडे जाणार हे समोरच्या बचावफळीला आधीच ठाऊक असताना ५.३ टिकवणं सोपं नाही. शिवाय १९८० मध्ये पहिल्याच वर्षी वॉकरने संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि हाइसमनच्या मतदानात तिसरा आला.

आजच्या खेळाडूंशी थेट तुलना मात्र करू नका. २००२ पूर्वी बोल सामन्यांचे (हंगामाच्या शेवटी निवडक संघांत होणाऱ्या खास सामन्यांचे) यार्ड अधिकृत आकडेवारीत धरत नसत.

(विल्यम्सने १९९८ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध ३७ नंबर घातला होता, तेव्हा नुकत्याच वारलेल्या, ३७ नंबरच घालणाऱ्या जुन्या काळच्या खेळाडू डोक वॉकरच्या सन्मानार्थ. तो सामना ३४ च्या खात्यात धरायचा का, यावरही वाद घालता येईल!)