समभुज त्रिकोणाला ‘समद्विभुज’ म्हणता येईल का?

एका वाचकाची शंका अशी आहे की, ज्या त्रिकोणाच्या तिन्ही भुजा समान असतात त्याला ‘समभुज’ म्हणतात हे खरे, परंतु त्यालाच ‘समद्विभुज’ म्हटले तर ते चूक ठरेल का? ‘काटकोन त्रिकोण’ म्हणायला एक काटकोन पुरतो, तर ‘लघुकोन त्रिकोण’ म्हणायला एक लघुकोन का पुरत नाही, असाही त्यांचा जोडप्रश्न आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, चूक ठरत नाही, असे आहे. मात्र शंकेला भाषेतच आधार आहे. ‘समद्विभुज’ हा बहुव्रीही समास आहे: समान आहेत दोन भुजा ज्याच्या, तो. संख्या असलेले असे समास आपण एरवी नेमक्या संख्येनेच समजतो. चतुर्भुज म्हणजे चारच हातांचा, आणि द्विदल धान्याच्या दाण्यात तिसरे दल असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु ‘चतुर्भुज’, ‘द्विदल’ या शब्दांतील संख्या त्या प्रकारचे सगळेच अवयव मोजते. समद्विभुज त्रिकोणाला मात्र भुजा तीन असतात. त्यांपैकी दोन समान आहेत एवढेच ‘द्वि’ सांगतो आणि तिसरीबद्दल मौन पाळतो. ती वेगळी असलीच पाहिजे असे म्हणायचे असेल, तर विग्रहात ‘दोनच’ म्हणावे लागेल. सगळा वाद या ‘च’चा आहे.

आणि हा ‘च’ काही आपल्या वाचकाने पदरचा घातलेला नाही. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातील २०व्या व्याख्येत ‘केवळ दोन’ भुजा समान असलेला त्रिकोण असेच म्हटले आहे, त्यामुळे त्याच्या वर्गीकरणात समभुज हा समद्विभुजात मोडत नाही. आज ‘निदान दोन’ ही व्याख्या अधिक रूढ आहे, आणि माझ्या मते तीच बरी. कारण समान भुजांसमोरील कोन समान असतात हे समद्विभुजाचे प्रमेय मग समभुजाला दोनदा लावता येते आणि त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असल्याचे वेगळ्या सिद्धतेवाचून मिळते. चौरसाला आपण आयतही मानतो आणि समभुज चौकोनही मानतो. तेथे कोणी ‘च’ घालत नाही. अर्थात, नुसते नाव विचारले असता ‘समभुज’ हेच उत्तर द्यावे, कारण ते अधिक नेमके आहे. आणि प्रश्नपत्रिकेत समभुज वगळायचा असेल, तर ‘दोनच भुजा समान असलेला’ असे स्पष्ट लिहावे.

जोडप्रश्नाचे उत्तर व्याकरणात सापडणार नाही, कारण ‘काटकोन त्रिकोण’ आणि ‘लघुकोन त्रिकोण’ यांची घडण एकच आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असल्यामुळे काटकोन किंवा विशालकोन त्यात एकापेक्षा अधिक मावत नाही आणि उरलेले दोन कोन लघुकोनच असावे लागतात. म्हणजे निदान दोन लघुकोन प्रत्येक त्रिकोणात असतातच, आणि एका लघुकोनावरून नाव दिले तर ते सगळ्याच त्रिकोणांना लागू पडेल. म्हणून तेथे तिन्ही कोन लघुकोन असण्याची अट आहे. भुजांवरून आणि कोनांवरून पडणारी नावे मात्र एकाच त्रिकोणाला एकत्र लागू शकतात: कंपासपेटीतील ४५ अंशांचा गुण्या समद्विभुजही असतो आणि काटकोन त्रिकोणही, तर ३०-६० अंशांचा गुण्या विषमभुज काटकोन त्रिकोण असतो.