परवा एक ओढली, म्हणून काय झालं?

ताई, सिगारेट सोडून दुसरा आठवडा चालू आहे. दिवसभर निभतं, पण सकाळी पोह्यांनंतर चहा घेतला किंवा रात्री मित्रांबरोबर सराफ्यात खायला गेलो की जीव कासावीस होतो. परवा एक ओढली. बायकोला सांगितलेलं नाही. पंधरा वर्षांची सवय माझ्याच्यानं सुटेल असं वाटत नाही.
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

दादा, परवाच्या एका सिगारेटनं आधीचे दिवस वाया गेलेले नाहीत. सगळ्यात जड जातात ते पहिले दोन-तीन दिवस, आणि ते तुम्ही काढलेत. शरीराचा त्रास साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. आता तुम्हाला छळतेय ती मुख्यतः चहाची वेळ आणि मित्रांची सोबत.

तलफ बहुधा पाच-दहा मिनिटांत उतरते, तुम्ही ओढा किंवा ओढू नका. म्हणून त्या क्षणी जन्मभराचा विचार करूच नका. तेवढी मिनिटं काढायची. पोहे खुशाल खा, जिरावन-शेव घालून खा, पण सध्या घरी आणा. टपरीवर उभं राहणं बंद. आणि चहा निम्म्यावर आणा. कारण सांगते: धुरामुळे शरीर कॅफिन लवकर निकालात काढत असतं. सिगारेट सुटली की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो, धडधडतं, चिडचिड होते आणि वाटतं, सिगारेटच हवी!

सराफा महिनाभर मित्रांबरोबर नको. गराडू खायचे असतील तर घरच्यांना घेऊन जा. आणि हात जोडून सांगते, सिगारेटच्या जागी पाउच तोंडात टाकू नका. तंबाखू ती तंबाखूच.

निकोटीनचं च्युइंगम मेडिकलवर मिळतं, पण ते सारखं चघळायचं नसतं. थोडं चावायचं, चुरचुर सुरू झाली की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. उठल्या-उठल्या सिगारेट लागायची असेल किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर किती ताकदीचं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा नंबर फुकट आहे. तिथले समुपदेशक तुमच्यासारख्यांशीच बोलायला बसलेले असतात. लाज कसली?

बायकोला मात्र आजच सांगा. एक लपली की दुसरीला वाट मिळते. ती रागावेल, रागावू दे. रात्री जेवण झाल्यावर तिलाच म्हणा, चल, एक फेरी मारून येऊ. आणि परवा ज्या मित्रानं पाकीट पुढे केलं, त्याला स्पष्ट सांगा की मी सोडलीय, मला विचारू नकोस. खरा मित्र असेल तर पुन्हा विचारणार नाही.